बक्षिसाचा रकाना

गेल्या महिन्यातील वाचकपत्रांचा विषय बहुतांशी एकच होता : व्हिडिओ गेम पार्लरचालकांच्या हाती एका कार्यालयाने ठेवलेला छापील तक्ता. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मज्जाव करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, ते उचितच झाले; परंतु त्या कायद्याशी ज्यांचा तिळमात्र संबंध नाही, ज्यांच्या दुकानात इंटरनेटची तारदेखील पोहोचलेली नाही, अशा सोलापूरच्या नवी पेठेतल्या दोन टीव्ही नि चार रिमोटांच्या धन्यानेही आपल्याकडील प्रत्येक खेळाचे नाव, ‘एका डावाचा कालावधी’ आणि ‘जिंकणारास मिळणारे बक्षीस’ हा तपशील दोन प्रतींत सादर करावा, असे ज्या अंमलदारास सुचले त्याने उभ्या आयुष्यात रिमोट हाती धरलेला नसावा.

टेक्कन किंवा क्रिकेट यांच्यापुरते हे रकाने कसेबसे भरता येतात. आमच्या एका वर्गणीदाराने मात्र प्रामाणिकपणे ‘क्रोनो ट्रिगर’ या कथाप्रधान खेळाचे नाव घालून कालावधी ‘सुमारे पंचवीस तास’ आणि बक्षीस ‘शेवट’ असे लिहिले, तेव्हा तो कागद ‘त्रोटक व संशयास्पद’ या शेऱ्यानिशी परत आला. ‘शेवट एकूण दहांहून अधिक आहेत’ असा खुलासा त्याने जोडला, तर त्यांपैकी रोख रकमेचे किती, अशी लेखी पृच्छा झाली!

योगायोग असा की, या दप्तरी न्यायाचे यथार्थ चित्र त्याच खेळात आहे. आरंभी आपल्या होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेसारखी एक गजबजलेली जत्रा भरते. तीत एका मुलीशी टक्कर झाल्यावर खेळाडूने तिची विचारपूस आधी केली की तिचे पडलेले पदक आधी उचलले, एका म्हाताऱ्याचा डबा गुपचूप फस्त केला की नाही, चुकलेले मांजर पोरीकडे पोहोचवले की नाही, हे सारे तो खेळ मुकाट्याने टिपून ठेवतो. आणि पुढे राजकन्येच्या अपहरणाचा खटला उभा राहिला म्हणजे त्याच बारीकसारीक गोष्टी साक्षीपुराव्यात बाहेर निघतात. पंचांनी निर्दोष ठरवले तरी तीन दिवसांची कोठडी चुकत नाही. आपल्याकडील कचेऱ्यांचा अनुभव त्या जपानी लेखकांना कोठे आला असावा, हे एक कोडेच आहे.

मार्च १९९५मध्ये स्क्वेअर कंपनीने काढलेल्या, साकागुची, होरिई आणि चित्रकार तोरियामा यांच्या या कृतीचे मोठेपण केवळ चित्रांत वा मित्सुदांच्या संगीतात नाही. शत्रू वाटेवर दिसतात आणि लढाई तेथल्या तेथेच होते. दोघातिघांचे डाव एकत्र करता येतात. आणि काळाचा प्रवास ही निव्वळ सजावट न राहता कर्माचे फळ दाखविण्याचे साधन होते. वाळवंट झालेल्या मुलखात वनराई उभी करण्यासाठी रोबो या यंत्रमानवाला इ. स. ६००मध्ये एकटे सोडून यावे लागते आणि आपण क्षणार्धात इ. स. १०००मध्ये पोहोचतो तो तेथे दाट रान उभे असते, रोबो मात्र चार शतके राबून निपचित पडलेला असतो. आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यातील माणसाला तो प्रसंग विशेष लागतो.

उणिवाही आहेत. नायक जवळजवळ मुकाच आहे. पूर्वार्धात खेळाडूला बोट धरून चालविले जाते. सरावलेल्या हाताला बहुतेक लढाया फुसक्या वाटतात. १९९९ सालच्या प्लेस्टेशन आवृत्तीत तर प्रत्येक लढाईआधी डिस्क फिरण्याची वाट पाहता पाहता जांभई येते.

तथापि कार्यालयाचे अज्ञान एक वेळ क्षम्य मानू, आपल्या व्यवसायबंधूंच्या आळसाचे काय? तासाच्या दराने येणाऱ्या पोराने महिनाभर पै-पैसा घालून वीस तासांचा खेळ मेमरी कार्डावर जपावा, आणि कार्डाचे पंधरा खाने भरले म्हणून मालकाने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी नेमका तोच सेव्ह पुसून टाकावा, ही तक्रार आम्हांस नवी नाही. या खेळाच्या मूळ कॅसेटीत तर सेव्हच्या जागा तीनच, आणि त्याही आतल्या सीआर २०३२ सेलच्या जिवावर. आपल्याकडील टीव्हीच्या पॅल पद्धतीत हा खेळ त्या काळी निघालाच नाही. तेव्हा आपल्याकडे ज्या कॅसेटी आहेत त्या अमेरिकी, जपानी किंवा नकली. अस्सल असतील त्यांचे सेल तीस वर्षांचे झाले. नकलींपैकी कित्येकांत सेल बसविलेलाच नसतो, आणि हे गिऱ्हाइकाला खेळ थांबविल्यावर कळते!

बंधूंनो, गड्ड्याच्या गर्दीपूर्वी प्रत्येक कॅसेट उघडा. मीटरवर सेल अडीच व्होल्टांच्या खाली दिसला तर आधी सेव्हची नकल उतरवून घ्या, मगच सेल काढा. पत्र्या जोडलेलाच सेल घ्या, उघड्या सेलवर थेट सोल्डर मारू नका. कार्डावर गिऱ्हाइकाचे नाव चिकटवा, आणि त्याला विचारल्यावाचून एकही खाना पुसू नका. नकल उतरविण्याचे यंत्र ज्यांच्यापाशी नाही त्यांनी कॅसेट आमच्या कचेरीत आणावी, काम विनामूल्य होईल. सेल तेवढा ज्याचा त्याने आणावा.