‘फक्त’ ॲप बनवून द्या

माझं घर इंदापूर तालुक्यातल्या डाळजचं, नोकरी पुण्यात प्रोग्रॅमरची. शनिवार-रविवार गावी असतो. गेल्या वर्षभरात चार पोरं माझ्या ओट्यावर येऊन मला भागीदार व्हा म्हणाली. चौघांचं बोलणं एकच: "दादा, आयडिया जबरदस्त आहे. तुम्ही फक्त ॲप बनवा. पाच टक्के तुमचे."

हे ‘फक्त’ माझ्या डोक्यात जातं. ॲप एकदा बांधून हातावेगळं होत नाही. पेमेंट अडकतं, सर्व्हर बसतो, रात्री अकराला गिऱ्हाईक फोन करून शिव्या घालतं. ते सगळं निस्तरायचं त्या प्रोग्रॅमरने, पगार सोडून, घराचा हप्ता डोक्यावर घेऊन. आणि वाटा पाच टक्के! हिला भागीदारी म्हणत नाहीत, ही वेठबिगारी आहे.

शेवटचा आला तो उजनीतली मासळी भिगवणच्या बाजारातून थेट पुण्याच्या हॉटेलांत पोचवणार होता. कल्पना चांगली होती. मी विचारलं, काल चिलापी काय भावाने गेली? माहीत नव्हतं. बर्फाचा खर्च कोणाच्या अंगावर? आडत किती जाते? एका तरी मच्छीमाराशी बोललास? नाही. आमच्याकडून भिगवणला मोटारसायकलवर अर्धा तासही लागत नाही, तरी हा एकदाही लिलावाला उभा राहिलेला नव्हता. माझ्या सहीसाठी गोपनीयतेचा करार मात्र छापून आणला होता. मी तो तसाच परत दिला.

भागीदार कसा जोडावा हे शिकायला लांब जायला नको. आपल्याच इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. ते ज्यांच्या नावाचं, ते वालचंद हिराचंद सोलापूरच्या व्यापारी घराण्यातले, इंजिनिअर नव्हते. रेल्वेच्या ठेकेदारीत उतरायचं ठरवल्यावर त्यांनी लक्ष्मणराव बळवंत फाटकांना जोडीला घेतलं. फाटक रेल्वेतले कारकून, पुढे ठेकेदार झालेले. रेल्वेचं काम त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या फर्मचं नाव होतं फाटक-वालचंद. रेल्वेचं काम जाणणाऱ्याचं नाव आधी, व्यापाऱ्याच्या मुलाचं नंतर. आजच्या किती ‘फाउंडर’ना हे जमेल?

तुमच्याकडे वालचंदांच्या घरचं भांडवल नसेल, मान्य. मग कष्ट आणा. महिनाभर पहाटे बाजारात जा, रोजचा भाव वहीत लिहा. पाच-दहा हॉटेलांना व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन मासळी पोचवा, हिशेब एक्सेलमध्ये ठेवा. तोटा झाला तर तोही दाखवा. पैसे देणारं गिऱ्हाईक दिसलं की प्रोग्रॅमर बोलायला बसतो, मीही बसेन. आणि वाटा द्यायचा तर निम्मा द्या. दोघांचाही हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पदरात पडेल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, असं कागदावर लिहा. हा नियम आयडियावाल्यालाही लागू.

पोरांनो, माझा ओटा तुम्हाला बंद नाही. पुढच्या वेळी करार आणू नका, भावाची वही आणा.