टाईम आऊट, पण कडी न लावता

कबड्डीच्या सामन्यात 'टाईम आऊट' म्हटलं की खेळ थांबतो, खेळाडू पाणी पितात. हा शब्द आता आपल्या घरातही शिरलाय. पुण्याच्या भाचीने फोनवर सांगितलं, मोबाईलवर एखादा व्हिडिओ पाहिला, की आपल्या मलकापुरातली आईही दोन-अडीच वर्षांच्या लेकराला टाईम आऊट देऊ लागते. धपाटा घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण पुष्कळ घरांत त्याचं होतं काय? लेकराला आतल्या खोलीत ढकलायचं, बाहेरून कडी लावायची, वर 'बुवा येईल' म्हणायचं. मैत्रिणींनो, याला कोंडणं म्हणतात. ते आपल्या आज्यांच्या काळीही होतं, नाव तेवढं आता इंग्रजी झालं.

1960च्या दशकात आर्थर स्टाट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या लहान मुलीसाठी ही पद्धत वापरली. विचार साधा आहे. लेकरू चावलं, कुणाला मारलं, तर ज्या मजेत ते रमलंय तिथून त्याला थोडा वेळ बाजूला घ्यायचं. म्हणजे आधी मजा तर हवी! आई दिवसभर कामात, बाबा दुकानात, लेकरू टीव्हीपुढे, आणि जवळ घेतलं जातं ते फक्त रागवायला. अशा लेकराला बाजूला बसवून त्याचं काय काढून घेणार? उलट आदळआपट केली की आई धावत येते, हे त्याला बरोबर कळतं. म्हणून आधी रोज थोडा वेळ त्याच्याशी खेळा. निम्मी आदळआपट तर भुकेची नि झोपेचीच असते.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे मुळीच नको; आपलं काय चुकलं नि आपल्याला का बसवलं, याचा मेळ त्याला लागत नाही. पुढे जितकी वर्षं तितकी मिनिटं, एवढा हिशेब पुरे. जागा आपल्या नजरेसमोर हवी. ओसरीवर पाट टाकला तरी भागतं. मारणं, चावणं यासाठीच हा उपाय. दूध सांडलं, चड्डी ओली झाली, यासाठी नव्हे. आणि बंद खोली तर नकोच नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, टिनाखालची खोली म्हणजे भट्टी!

बोर्डीला 1945 साली बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी भीती दाखवून मूल शिकवायचं नाही, हे आपल्याच मातीत करून दाखवलं. तरी बुवा काही आपल्या घरातून जात नाही. अंधाराला घाबरणारं पोर पुढे रात्री एकटं मोरीतही जात नाही, तेव्हा आपणच वैतागतो.

एकत्र कुटुंबात आणखी एक पंचाईत. आई पाटावर बसवते आणि आजी पदराखाली घेऊन खाऊ देते. यात आजीचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिला कुणी विचारलेलंच नसतं. पोर शांत असताना सासूबाईंशी बोलून ठेवा, "आई, दोन मिनिटं थांबा, मग तुम्हीच त्याला जवळ घ्या." बहुतेक आज्या ऐकतात.

दोन मिनिटं झाली की विषय संपला. संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांच्यापुढे पुन्हा पाढा वाचू नका. लेकरू ते केव्हाच विसरलेलं असतं.