लाटेला फिरण्यापुरती जागा

वसईपासून विरारपर्यंतच्या आमच्या व्यवसायबंधूंच्या दवाखान्यांत, सायंकाळच्या गर्दीत, अर्नाळ्याची एखादी कोळीण ‘छातीत धडधडतंय’ अशी कैफियत घेऊन येते, तेव्हा तिच्या नाडीवर पंधरा सेकंद बोट ठेवून, आलेल्या आकड्याची चौपट करून, ती केसपेपरवर नोंदण्याचा प्रघात पडला आहे. आणि ज्या तपशिलावर पुढील सारी तजवीज अवलंबून, तो नाडीचा ताल मात्र दप्तरी दाखलच होत नाही.

हृत्स्नायूची एक पेशी उद्दीपित झाली की सोडियमचे आयन तिच्यात लोटतात, पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म प्रथिननलिकांतून तो प्रवाह शेजारच्या पेशीस चेतवतो, आणि मागे राहिलेली पेशी काही क्षण कोणत्याही उद्दीपनास दाद देत नाही. या विश्रांतिकालामुळेच लाट माघारी वळत नाही, व समोरासमोर आलेल्या दोन लाटा एकमेकींस नामशेष करतात. मात्र वाट वर्तुळाकार असेल तर? जेलीफिशच्या देहातून वलय कापून, अल्फ्रेड मेयर यांनी १९०६ साली अशी एकच लाट अखंड फिरत ठेवून दाखविली.

अशा लाटेला जागा मात्र लागते. वेग आणि विश्रांतिकाल यांचा गुणाकार ही तिची लांबी: सेकंदाला ५० सेंटिमीटर वेग व ०.२ सेकंद विश्रांती धरल्यास १० सेंटिमीटर. निरोगी अलिंदात एवढी प्रदक्षिणा सहसा मावत नाही. परंतु बालपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने मायट्रल झडप आकुंचित झाली, त्यामागचे अलिंद फुगले, त्यात ठायी ठायी व्रणतंतू माजले, वेग ३० वर आणि विश्रांतिकाल ०.१५ वर उतरला, की साडेचार सेंटिमीटर पुरे होतात. मग अनेक लाटा एकाच वेळी भ्रमण करू लागतात, अलिंद आकुंचन न पावता नुसते थरथरते, नाडीचा ताल बिघडतो, आणि अलिंदाच्या कोपऱ्यात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूपर्यंत जाते. (अर्धांगवायू झाल्यावर ईसीजी काढणारे आपल्यात थोडे नाहीत!)

सबब, नाडी पूर्ण मिनिट मोजावी, हृदयाचे ठोकेही स्टेथोस्कोपने मोजावे, आणि ताल बिघडलेला वा दोहोंत तफावत आढळल्यास ईसीजीवाचून रुग्णास परत धाडू नये. झडप लक्षणीय आकुंचित असेल, तर गुठळी रोखण्यास वॉरफेरिनसारखे जुने औषधच द्यावे व आयएनआरची तपासणी नियमित करवावी. नव्या गोळ्यांचा मोह या रुग्णांपुरता तरी आवरावा.