वाङ्निश्चयाची अंगठी

सुशिक्षित मराठी घरांतील साखरपुड्याला गेल्या कांहीं वर्षांत जें वळण लागलें आहे, त्याविषयीं स्पष्ट लिहिण्याचें बहुतेकांनीं आजवर टाळलें आहे. शुभकार्याला नाट लावण्याचा दोष कोणीं पत्करावा? परंतु ज्या वस्तूपायीं घरावर कर्जाचे हप्ते चढतात, आणि वधूच्या हातीं मात्र फारसें कांहीं उरत नाहीं, तिजविषयीं गप्प बसणें हेंही शुभ नव्हे. आम्ही बोलत आहों तें एका मोठ्या खड्याच्या, म्हणजे ज्याला हल्लीं ‘सॉलिटेअर’ म्हणतात त्या अंगठीविषयीं, आणि तिच्या ऋतुगणिक बदलणाऱ्या घाटांविषयीं.

साखरपुडा या शब्दांतच त्या विधीचा अर्थ आलेला आहे. वराकडील मंडळी साखरेचा पुडा, साडी, खण-नारळ घेऊन येत, वधूची ओटी भरली जाई, याद्यांवर कुंकू लागे, आणि चार वडीलधाऱ्यांसमक्ष दिलेला शब्द पक्का होई. देणें होतें तें शब्दाचें. वस्तू ही त्याची नुसती साक्ष. अंगठी या विधींत मागाहून आली. ती आली याबद्दल आमची मुळींच तक्रार नाहीं, कारण अंगठी आम्हांला परकी नाहीं. मारुतीनें अशोकवनांत नेलेली मुद्रिका आणि शकुंतलेच्या बोटांतून निसटलेली अंगठी या दोहोंवर नांव कोरलेलें होतें. त्यांचें काम ओळख पटविण्याचें होतें. शकुंतलेची अंगठी पाण्यांत पडली तेव्हां तिची ओळख हरवली. खडा केवढ्याचा होता, हा प्रश्न कण्वाश्रमांत कोणीं विचारला नाहीं. धर्मकृत्यांत अनामिकेंत घालावयाचें पवित्रक तर नुसत्या दर्भाचें असतें.

आजचा प्रकार निराळा आहे. सराफाच्या पेढीची पायरी चढण्यापूर्वींच मोबाईलच्या पडद्यावर घाट ठरलेला असतो. कालपर्यंत गोल खडा हवा होता, आज अंडाकृति हवा. कोणी तो बोटावर आडवा बसवून घेतो, कोणी खड्याच्या पोटाखालीं बारीक हिऱ्यांचें कडें दडवून त्याला ‘हिडन हेलो’ म्हणतो. दोन खडे शेजारीं शेजारीं बसविले कीं त्यांना ‘तूं आणि मी’ अशा अर्थाचें फ्रेंच नांव मिळतें. नेपोलियननें जोसेफिनला १७९६ सालीं असलीच अंगठी दिली होती, हें विक्रेते मोठ्या कौतुकानें सांगतात. तो विवाह १८०९ च्या अखेरीस मोडला, हें सांगावयाचें त्यांच्याकडून राहून जातें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेच्या बोटांत ‘ओल्ड माइन’ घाटाचा हिरा दिसला आणि त्या घाटाची चर्चा सर्वत्र झाली. पण ही ‘जुनी खाण’ म्हणजे कोणती? अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ब्राझीलमध्यें हिरे सांपडेपर्यंत जगाला हिरा पुरविला तो प्रामुख्यानें हिंदुस्थाननें. कृष्णेच्या कांठचें कोल्लूर हें त्यांतील एक प्रसिद्ध ठिकाण. त्या हिंदी आणि ब्राझिली खाणींच्या खड्यांवरून पडलेलें नांव आतां परदेशची नवलाई म्हणून आमच्याच दारीं परत येतें, आणि आम्ही तें उंबऱ्यावर ओवाळून घरांत घेतों!

या सर्व घाटांचा हेतु एकच आहे. हात पुढें करून काढलेल्या छायाचित्रांत खडा मोठा दिसला पाहिजे. अंडाकृति खडा त्याच वजनाच्या गोल खड्याहून मोठा भासतो. खालचें वळें तारेसारखें बारीक केलें म्हणजे तो आणखी मोठा भासतो. हा भास विकत घेण्यासाठीं अंगठींतलें सोनें कमी कमी होत चाललें आहे, आणि खरा मुद्दा येथें आहे.

त्याआधीं ‘प्रेमाची चिरंतन खूण’ या शब्दांचा समाचार घेणें भाग आहे, कारण खर्चाविषयीं वडिलांनीं ब्र काढला कीं त्यांच्यावर हेंच अस्त्र टाकलें जातें. ही चिरंतनता कोठून आली? १८६० नंतरच्या दशकांत दक्षिण आफ्रिकेंत हिऱ्यांच्या मोठ्या खाणी उघडल्या, आणि जो खडा दुर्मीळ म्हणून मोलाचा होता तो ढिगांनीं निघूं लागला. १८८८ सालीं स्थापन झालेल्या डी बीअर्स कंपनीनें पुरवठा मुठींत ठेवला; परंतु मुठींत ठेवलेला माल खपावयास गिऱ्हाईकही लागतें. १९३८ सालीं तिनें अमेरिकेंत एक जाहिरातसंस्था गांठली, आणि १९४७ सालीं त्या संस्थेंतील फ्रान्सिस गेरेटी या लेखिकेनें हिऱ्याला अक्षयपद देणारें तें सुप्रसिद्ध वाक्य लिहिलें. पुढें अंगठीवर पगाराचे किती महिने खर्चावे, हेंही जाहिरातीनेंच शिकविलें. जपानांत १९६७ सालीं ही मोहीम सुरू झाली तेव्हां हिऱ्याची अंगठी घेणाऱ्या वधू शेंकडा पांचही नव्हत्या. १९८१ पर्यंत त्या शेंकडा साठांच्या घरांत गेल्या. चौदा वर्षांत घडवितां येते तिला परंपरा म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें. पण मग आजीच्या पाटल्यांना ‘जुनाट’ म्हणण्याचा अधिकार सोडावा लागेल.

आतां त्या पाटल्यांविषयीं. सोन्याचें आम्ही स्तोत्र गात नाहीं. त्या धातूपायींही या समाजांत पुष्कळ मुलींचे बाप रडले आहेत. परंतु ठुशी, गोठ, बोरमाळ यांच्या मागें एक रोकडा विचार होता. घरावर प्रसंग आला म्हणजे तें सोनें उभें राही. मुलाच्या शिक्षणासाठीं पाटल्या गहाण पडल्या, आणि सुटूनही आल्या, अशीं घरें वाचकांच्या आप्तांतच निघतील. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क आहे, असें सर्वोच्च न्यायालयानेंही १९८५ सालीं स्पष्ट केलें. तो हक्क चालवावयाचा तर हातांत वजन पाहिजे. हीच खड्याची अंगठी घेऊन बँकेंत तारण ठेवावयास जा. खड्याचें वजन वजा करून उरलेल्या दोन-तीन ग्रॅमांचाच हिशेब होतो. मोड घालावयास दुसऱ्या पेढीवर जा. घडणावळ गेली, ३ टक्के कर गेला, आणि खड्याचें नांव काढतांच समोरचा मनुष्य चष्मा पुसूं लागतो. ज्यांनीं विकली त्यांतील कांहीं पेढ्या परत घेतात हें खरें, पण त्यांच्या अटींवर आणि बहुधा दुसरें कांहीं घेण्याच्या बोलीवर.

त्यांतून ‘कॅरट’ हा शब्द मोठा लबाड आहे. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरट वजन सांगतो. हिऱ्याचा १ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमचा पांचवा हिस्सा. ‘अठरा कॅरटमध्यें एक कॅरट’ हें ऐकून एकोणीस कॅरट घरीं आल्याचा आनंद मानणारे पदवीधर आम्हांस भेटले आहेत.

प्रयोगशाळेंतील हिऱ्यानें हा प्रश्न सुटला असें कोणी म्हणतात. तो हिरा खोटा नव्हे. १९५४ सालीं अमेरिकेंत उष्णता व दाब यांच्या साहाय्यानें कार्बनपासून हिरा तयार झाला. आजचा कृत्रिम हिराही रचनेनें व गुणांनीं हिराच असतो, नुसत्या डोळ्यांना भेद कळत नाहीं. खाणींतील रक्तपाताचा डाग त्याला नाहीं, हेंही त्याच्या बाजूनें मान्य केलें पाहिजे. पण जी वस्तू यंत्रांत हवी तितकी पिकते तिचा भाव टिकत नाहीं. खुद्द डी बीअर्सनें २०१८ सालीं असे हिरे कॅरटला ८०० डॉलर दरानें विकण्यास आरंभ केला, आणि भाव गडगडल्यावर २०२५ सालीं तो व्यवहार बंद करीत असल्याचें जाहीर केलें. असा हिरा कोणी हौसेनें, हौसेच्या किंमतींत घेतला तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. छान दिसतो, घालावा. मात्र तोच ‘मुलीच्या अंगावर घातलें’ म्हणून खर्चाच्या यादींत सोन्याच्या ओळींत मांडला जातो, तेव्हां मुलीची फसवणूक होते. आणि ती करणारे तिचेच प्रेमाचे लोक असतात.

‘हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे’, असें उत्तर आम्हांस मिळेल. आवड ही एकट्याची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण एका साखरपुड्याचें छायाचित्र दहा घरांत जातें, आणि त्यांतील नऊ घरांना तेवढा खडा झेपत नाहीं. तेथें मुलगा कर्ज काढतो व मुलगी संकोचानें गप्प बसते. नाहीं म्हणण्याची सोय ज्या आवडींत उरली नाहीं, तिला आवड म्हणणें हा भाषेचा दुरुपयोग आहे. पांच ग्रॅमचें, बावीस कॅरटचें, आंतल्या बाजूला दोघांचीं नांवें कोरलेलें साधें वेढें आजही कोणताही सोनार करून देईल. तें छायाचित्रांत भरत नाहीं, एवढाच त्याचा दोष.

राहिली वराची अंगठी. वधूचा खडा वाढला कीं ‘त्यांनीं एवढें घातलें, आपल्याला शोभलें पाहिजे’ असें म्हणत वधूपिता जांवयाच्या अंगठींत हिरा बसवितो. ही मागणी तोंडानें कोणी करीत नाहीं. ती वधूच्या बोटावरून केली जाते. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याच्या व्याख्येंत विवाहाच्या वेळीं, त्यापूर्वीं किंवा नंतर, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें दिलेलें सर्व येतें. न मागतां दिलेल्या भेटी रूढीला आणि ऐपतीला धरून असाव्या, आणि विवाहांतील भेटींची लेखी यादी ठेवावी, असें कायदा व त्याखालचे १९८५ चे नियम सांगतात. पूर्वीं याद्यांवर कुंकू लावणारे आपण, ही यादी करतांना मात्र कोणी दिसत नाहीं.