‘नाही’ म्हणजे कशाला नाही?



समजा, तुमच्या वर्गाची सहल गेली आहे. सगळी मुलं देवळात दर्शनाला गेली आणि एक मुलगा बाहेरच पायरीवर बसून राहिला. लगेच कुणीतरी कुजबुजतं, "तो नास्तिक आहे." दुसरी विचारते, "नास्तिक म्हणजे वाईट असतात ना गं?" तिसरा म्हणतो, "छे! नास्तिक म्हणजे शास्त्रज्ञ!" आणि ज्याच्याबद्दल हे चाललंय तो म्हणतो, "मी नास्तिक-बिस्तिक काही नाही. देव आहे की नाही ते मला माहीत नाही, एवढंच."

शब्द एकच, पण प्रत्येकाच्या डोक्यातला अर्थ निराळा. मग भांडण मिटणार कसं? म्हणून आज आपण या शब्दाचाच माग काढू या.

‘अस्ति’ म्हणजे आहे. ‘न अस्ति’ म्हणजे नाही. ‘आहे’ म्हणणारा तो आस्तिक, ‘नाही’ म्हणणारा तो नास्तिक. सोपं आहे की नाही? पण थांबा. काय आहे? आणि काय नाही? ते या शब्दात सांगितलेलंच नाही! सगळी गंमत आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

सुमारे २४०० वर्षांपूर्वी पाणिनीनं आपल्या व्याकरणात हे शब्द कसे बनतात ते सांगितलं. त्यावर पुढे टीका लिहिणाऱ्या पंडितांनी अर्थ लावला, की परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक आणि परलोक नाही असं म्हणणारा तो नास्तिक. म्हणजे प्रश्न देवाचा नव्हताच, मेल्यानंतर काय होतं याचा होता.

मनुस्मृतीत आणखी वेगळा अर्थ सापडतो. तिथे वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटलं आहे. याच मापानं पुढे भारतीय दर्शनांची, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या पंथांची, वाटणी झाली. न्याय, वैशेषिक, सांख्य, योग, मीमांसा आणि वेदान्त ही सहा दर्शनं वेद मानणारी, म्हणून आस्तिक. चार्वाक, जैन आणि बौद्ध ही वेद न मानणारी, म्हणून नास्तिक.

आता पुढची गंमत ऐका. मीमांसक वेदांचे अगदी कट्टर अभिमानी. पण हे जग कुणा ईश्वरानं निर्माण केलं, हे त्यांना मान्य नव्हतं. कुमारिल भट्टासारख्या मोठ्या मीमांसकानं तर त्याविरुद्ध युक्तिवाद केले आहेत. सांख्यांचा प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे सांख्यकारिका. त्यात जग कसं झालं याची सगळी मांडणी आहे, पण त्यात जग घडवणारा ईश्वर नाही. आणि हा ग्रंथ लिहिणाऱ्याचं नाव काय असेल? ईश्वरकृष्ण! तरीही हे दोघे ‘आस्तिक’च.

उलट जैनांची मंदिरं तुम्ही पाहिली असतील. तिथे रोज पूजा होते, लोक भक्तिभावानं हात जोडतात. तरी जुन्या यादीप्रमाणे ते ‘नास्तिक’! अर्थात जैनांना ही यादी पटली नाही. आठव्या शतकाच्या सुमारास हरिभद्र नावाच्या जैन आचार्यांनी दर्शनांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांनी जैन आणि बौद्ध यांना आस्तिकांमध्ये बसवलं आणि बाहेर ठेवलं ते फक्त चार्वाकांना. म्हणजे ज्याच्या हातात यादी, त्याचा अर्थ!

हे फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. ग्रीक भाषेत ‘थिऑस’ म्हणजे देव. त्याच्याआधी नकाराचा ‘अ’ लावून ‘अथिऑस’ हा शब्द झाला. इंग्रजीतला ‘एथिइस्ट’ त्यातूनच आला. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्स शहरात सॉक्रेटिसवर खटला चालला. नगराचे देव तो मानत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. त्याला विष पिऊन मरावं लागलं. पुढे रोमन साम्राज्यात हाच शब्द कुणाला चिकटवला माहीत आहे? ख्रिस्ती लोकांना! ते देव मानत होते, पण रोमचे देव मानत नव्हते, म्हणून. आणि ख्रिस्ती लोक तोच शब्द उलट रोमनांना लावत. आहे की नाही कमाल?

आजकाल आपण नास्तिक म्हणतो ते ‘देव न मानणारा’ या अर्थानं. म्हणजे आता तरी वाद मिटला का? नाही. असं बघा, शाळेमागे एक खोल विहीर आहे. एक मुलगी म्हणते, "हिच्यात कासव आहे." दुसरी म्हणते, "मुळीच नाही." तिसरी म्हणते, "कुणी दाखवेपर्यंत मी मानणार नाही." आणि चौथी म्हणते, "इतक्या खोल पाण्यातलं कळणारच नाही." दुसरी आणि तिसरी एकाच बाजूच्या का? काहींच्या मते नास्तिक म्हणजे फक्त दुसरी, ठामपणे ‘नाही’ म्हणणारी. काहींच्या मते तिसरीसुद्धा नास्तिकच, कारण तीही मानत नाही. मोठमोठे तत्त्वज्ञ आजही यावर वाद घालतात. चौथीसाठी मात्र वेगळा शब्द आहे. डार्विनचा मित्र थॉमस हक्स्ली यानं १८६९ मध्ये तो इंग्रजीत तयार केला. मराठीत आपण त्याला ‘अज्ञेयवादी’ म्हणतो. पायरीवर बसलेला आपला मित्र बहुधा याच्या जवळचा.

राहिला तो प्रश्न, ‘नास्तिक म्हणजे वाईट असतात ना?’ भगतसिंगांना हेच ऐकावं लागलं होतं. त्यांचं देव न मानणं म्हणजे गर्व आहे, असं काहींना वाटे. १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात त्यांनी ‘मी नास्तिक का आहे’ हा निबंध लिहिला आणि गर्वामुळे नव्हे, विचार करून आपण इथे पोचलो, असं मांडलं. तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, २३ मार्च १९३१ रोजी, ते फासावर गेले. देव मानणारे कितीतरी क्रांतिकारक देशासाठी तसेच हसत फासावर गेले. म्हणजे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावरून माणसाचा चांगुलपणा मोजता येत नाही, हे खरं ना?

आपल्या राज्यघटनेनंही ही जागा मोकळी ठेवली आहे. मंत्र्यांचा शपथविधी तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. कुणी ‘ईश्वरसाक्ष’ शपथ घेतं, तर कुणी ईश्वराचं नाव न घेता ‘गांभीर्यपूर्वक’ वचन देतं. दोन्हींचं वजन सारखंच. घटनेच्या २५ व्या कलमात प्रत्येकाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. देवळात जाणाऱ्यालाही आणि पायरीवर बसणाऱ्यालाही.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी कुणी कुणाला नास्तिक म्हणालं, तर भांडण्याआधी एक छोटा प्रश्न विचारा, "‘नाही’ म्हणजे नक्की कशाला नाही?" आणि कुणी स्वतःला आस्तिक म्हणालं, तर त्यालाही विचारा, "‘आहे’ म्हणजे काय आहे?" पण चिडवण्यासाठी नाही बरं का, समजून घेण्यासाठी! एखाद्याला नुसतं नाव ठेवलं की बोलणं तिथेच संपतं. प्रश्न विचारला की ते सुरू होतं.

आणि हो, या रविवारी घरातल्या चार मोठ्या माणसांना ‘नास्तिक म्हणजे कोण?’ असं विचारा आणि उत्तरं वहीत लिहून काढा. आजी, आजोबा, आई, बाबा, चौघांची उत्तरं एकसारखी आली, तर नवलच म्हणायचं! आई-बाबांनो, मुलं विचारायला आली, की "तुला काय करायचंय त्याच्याशी" असं मात्र म्हणू नका हं. पाच मिनिटं बसा त्यांच्याजवळ. कदाचित तुम्हालाच उत्तर शोधावं लागेल!