फेनरिरचा अपराध कोणता?

युरोपच्या उत्तरेस राहणारे नॉर्स लोक हजार वर्षांपूर्वी ज्या देवांना भजत, त्यांच्या कथांत अद्भुत प्राण्यांची रेलचेल आहे. देवराज ओडिन याचा आठ पायांचा घोडा स्लेप्निर, जगाची वार्ता ओडिनच्या कानी घालणारे दोन डोमकावळे, विश्ववृक्षावरील गरुड आणि त्याच्या मुळाशी असलेला नाग यांच्यात चहाड्या पोहोचविणारी खार ! ही मंडळी मोठी गमतीची खरी. परंतु मुलांनो, आज मी ज्याची बाजू मांडणार आहे, त्याला सारे दुष्टच म्हणत आले आहेत. तो म्हणजे फेनरिर नावाचा लांडगा.

आइसलंडमधील पंडित स्नोरी स्टुर्लुसन याने इ. स. १२२० च्या सुमारास रचलेल्या 'एड्डा' ग्रंथात ही कथा आहे. फेनरिर हा कपटी लोकीचा पुत्र. लोकीच्या तीन अपत्यांपासून देवांवर अनर्थ ओढवेल, असे भविष्य होते. म्हणून ओडिनने सर्परूपी अपत्यास समुद्रात फेकले. तेथे ते इतके वाढले की, साऱ्या पृथ्वीला वेढा घालून आपलेच शेपूट तोंडात धरून राहिले. हेल नावाच्या मुलीस मृतांच्या लोकी धाडले. लांडग्याचे पिल्लू मात्र देवांनी घरीच पाळले. त्याला अन्न घालण्याचे धैर्य एकट्या ट्यूर देवालाच होते. (इंग्रजीतील 'ट्यूझडे' हा याच देवाचा वार.)

पिल्लू दिवसेंदिवस वाढू लागले, तसतशी देवांची भीतीही वाढली. “तुझे बळ पाहू,” असे सांगून त्यांनी त्याला दोनदा बेड्या घातल्या. दोन्ही त्याने तोडल्या. तेव्हा त्यांनी बुटक्या कारागिरांकडून रेशमासारखी मऊ फीत करवून घेतली. तिच्यात सहा वस्तू होत्या : मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी. यांतील कित्येक वस्तू जगात आढळत नाहीत, हाच कथेच्या खरेपणाचा पुरावा, असे स्नोरी मिस्कीलपणे सुचवितो !

लांडगा मूर्ख नव्हता. एवढी नाजूक फीत तोडून कीर्ती कसली मिळणार, आणि तिच्यात कपट असेल तर ती बांधून का घ्यावी, हे त्याने ओळखले. देवांनी त्याला सोडण्याचे वचन दिले. तेव्हा त्याने तारण मागितले : कोणीतरी आपला हात माझ्या तोंडात ठेवावा. देव एकमेकांची तोंडे पाहू लागले. अखेर ट्यूरने उजवा हात पुढे केला. लांडगा जितका धडपडला, तितकी फीत आवळत गेली. सारे देव हसले. ट्यूर मात्र हसला नाही. त्याचा हात गेला होता.

मी ही कथा वर्गात सांगे, तेव्हा लांडगा बांधला गेला की मुले टाळ्या वाजवीत. मी विचारी, “त्या दिवसापर्यंत त्याने कोणाचे काय बिघडविले होते ?” वर्ग गप्प होई. कथेत त्याच्या एकाही अपराधाचा उल्लेख नाही. केवळ भविष्यावरून त्याला शिक्षा झाली. एखादा हुशार विद्यार्थी म्हणे, “पण गुरुजी, भविष्य खरेच ठरले ना ?” होय, ठरले. जगाच्या अंतकाळी सुटलेला फेनरिर ओडिनला गिळतो. परंतु जो ट्यूरच्या हातून खाऊन मोठा झाला, त्याच्यावर ट्यूरचाच हात तोडण्याची पाळी कोणी आणली ? माझ्या मते, त्या भविष्याला खरे करण्यात देवांचा वाटा लांडग्याहून कमी नाही.

देवांनी त्याला ठार का केले नाही, याचेही कारण स्नोरी देतो. त्यांना आपली पवित्र भूमी त्याच्या रक्ताने विटाळावयाची नव्हती. रक्ताने भूमी विटाळते आणि खोट्या वचनाने विटाळत नाही, हा न्याय मला कधीच पटला नाही.

ट्यूरविषयी मला आदर वाटतो. सर्वांनी मिळून केलेल्या फसवणुकीची किंमत त्या दिवशी त्याने एकट्याने चुकती केली. मात्र एकदा वर्गातील एका मुलीने मला विचारले, “ट्यूरला सारे ठाऊक होते, मग त्याने हात पुढे करण्याऐवजी लांडग्याला खरे का सांगितले नाही ?” तिला देण्याजोगे उत्तर मला अजूनही सापडलेले नाही.