रंगीत भिंती म्हणजे कलाशाळा नव्हे

आपल्या धर्मग्रामांतील बालवाड्यांत सध्या ‘कलाकक्ष’ उभारण्याची टूम निघाली आहे. भिंतींवर परदेशी व्यंगचित्रांतील उंदीर-बदके, कपाटांना कुलपे आणि बालकांच्या हाती छापील चित्रांची वही! मोठ्यांनी आखलेल्या रेषांच्या आत रंग भरणे एवढेच बालकाचे काम. याला कला म्हणणे आम्हांस मान्य नाही. हे आज्ञापालनाचे शिक्षण झाले, निर्मितीचे नव्हे.

इटलीतील रेज्जो एमिलियाजवळच्या एका खेड्यात १९४५ साली ग्रामस्थांनी जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून बालशाळा उभारली. त्या कार्याने भारावलेल्या लोरिस मालागुत्सी यांनी पुढे त्या नगरीच्या बालशाळांत चित्रशाळेला हक्काची जागा दिली आणि तिथे कलेत मुरलेली व्यक्ती नेमली. त्या शाळा नगरपालिकेच्या, चर्चच्या नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चांगली गोष्ट परक्या अंगणात उगवली म्हणून ती निषिद्ध ठरते काय?

पैशाची सबबही टिकत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, पाने, बिया यांनी घेतली. कोसबाड काही इटलीत नाही!

कलाशाळेला हवे तरी काय? बालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर खिडकी, हात पोहोचेल अशी उघडी फळी, ठेंगणा नळ, धुता येईल अशी जमीन, ओल्या गोणपाटाखाली झाकलेली माती आणि अर्धवट राहिलेले काम उद्यापर्यंत सुरक्षित राहील असा एक कोपरा. भिंती कोऱ्याच ठेवाव्यात. त्या बालकांच्या चित्रांनी भरू द्याव्यात.

परमेश्वराने मानवाला मातीतून घडविले, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवितो आणि त्याच बालकाचे हात मातीने माखले की त्याला दटावतो. प्रभू येशूचे बालपण नाझरेथला सुताराच्या घरी गेले. तिथे भुसा सांडत नसेल काय? नाताळचा गोठासुद्धा आता आपण बाजारातून तयार आणतो आणि मुलांना केवळ प्रेक्षक करतो.

शाळा समितीच्या सभासदांना आमचे एवढेच सांगणे आहे: रंगाचा एकही डबा विकत घेण्यापूर्वी त्या खोलीत जमिनीवर बसा. तिथून जे दिसेल व हाती येईल, तेवढीच बालकाची कलाशाळा. बाकीची सजावट पाहुण्यांसाठी आहे.